ट्रेनिंग झक्कास झालं. मग?

शुक्रवार, संध्याकाळचे साडेचार. कॉन्फरन्स रूममधला एसी हाडं गोठवतोय. प्रोजेक्टरवर शेवटची स्लाइड: उगवता सूर्य, डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला कुणीतरी उत्साही इसम आणि खाली भलंमोठं ‘थँक यू’. टाळ्या पडतात. सगळ्यांचं एक लक्ष घड्याळाकडे आणि दुसरं सोमवारच्या डेडलाइनकडे. तेवढ्यात एचआरवाली गोड हसत हातात कागद ठेवते. फीडबॅक फॉर्म! ट्रेनर कसा वाटला? जागा कशी होती? जेवण? एक ते पाचमध्ये गुण द्या.

आपण काय करतो? पटापट चार-पाच, चार-पाच टिक मारतो आणि पळतो. ट्रेनर बिचारा मस्त होता, जोक चांगले मारले, लंचला पनीर होतं. महिनाअखेरीस कुठल्या तरी रिपोर्टात ओळ उमटते: ‘ट्रेनिंग अत्यंत यशस्वी, सरासरी ४.६.’ काय यशस्वी झालं? तर पनीर.

गंमत सोडा, पण या फॉर्मची पोल फार पूर्वीच खुली झालीय. १९९७ साली जॉर्ज अ‍ॅलिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं, की ट्रेनिंग ‘आवडलं’ म्हणणारे लोक जास्त शिकतात का? उत्तर आलं, जवळजवळ काहीच संबंध नाही. मजा येणं वेगळं, डोक्यात शिरणं वेगळं. ‘आवडलं का’ऐवजी ‘हे तुमच्या कामाला येईल का’ असं विचारलं, तर मात्र उत्तराला थोडा तरी अर्थ उरतो. म्हणजे एवढा एक प्रश्न बदलला तरी आपल्या एचआरचं निम्मं पुण्य पदरात पडेल.

या सगळ्याचं मूळ एका अमेरिकन प्राध्यापकात आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक. १९५९ च्या सुमारास त्यांनी ट्रेनिंगवाल्यांच्या मासिकात चार लेख लिहिले. ट्रेनिंग मोजायचं तर चार पायऱ्यांवर मोजा, म्हणाले. लोकांना कसं वाटलं, लोक काय शिकले, परत कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्या बदलामुळे शेवटी हाताला काय लागलं. झालं, एवढंच. साठ-पासष्ट वर्षं उलटली, जगभरातले एचआरवाले अजून हेच चार शब्द जपतात. फक्त जपतातच म्हणा ना, कारण बहुतेक ऑफिसांची गाडी पहिल्या पायरीवर बंद पडते. फॉर्म भरून घेणं स्वस्त असतं. तीन महिन्यांनी जाऊन, ‘बाबा रे, तू खरंच वेगळं काही करतोयस का?’ हे विचारणं महाग आणि अवघड. शिवाय उत्तर ‘नाही’ आलं तर?

(जाता जाता. ‘आपण वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २० टक्के, स्वतः केलेलं ९० टक्के’ ही स्लाइड तुम्ही किमान तीन ट्रेनिंगांमध्ये पाहिली असेल. खाली एडगर डेलचं नाव असतं. डेलसाहेबांनी १९४६ साली शंकू काढला हे खरं, पण त्यात एकही आकडा नव्हता! टक्के नंतर कुणीतरी चिकटवले. पुढच्या वेळी ट्रेनरला नम्रपणे विचारून बघा. चेहरा बघण्यासारखा होतो.)

आता जरा एसीतून बाहेर येऊ. धुळे-सोलापूर हायवेवर बीड सोडून दक्षिणेला निघालात, की थोड्याच वेळात मांजरसुंबा लागतं. कपिलधारला गेलेल्यांना हा फाटा पाठ असेल. चारी दिशांची वाहतूक इथे एकमेकांना भेटते. बीड, सोलापूर, केज आणि पाटोदा. ट्रक, एसट्या, हंगामात ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, सगळे इथे चहाला थांबतात. अशा फाट्यावरच्या कुठल्याही ढाब्यावर नवीन पोऱ्या कसा तयार होतो ते पाहा. पहिल्या दिवशी त्याच्या हातात कुणी मॅन्युअल देत नाही. आधी नुसतं पाणी ठेवायचं. मग टेबल पुसायचं. मग जुन्या पोऱ्याच्या मागे मागे फिरत ऑर्डर ऐकायची. गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा एक डोळा कायम त्याच्यावर. चुकला की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, भरपूर फीडबॅक! ही पद्धत आदर्श आहे असं मी म्हणत नाही, त्यातला ओरडा तर मुळीच नाही. पण एक गोष्ट बघा. शिकणं आणि काम यांच्यामध्ये इथे अंतरच नाही. आपल्याकडे ट्रेनिंग शुक्रवारी हॉटेलात आणि काम सोमवारी डेस्कवर. मधल्या दोन दिवसांत किती सांडतं?

भरपूर सांडतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून ते मोजलं होतं. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती उरतं ते बघायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त गायब, दिवसभरात दोन तृतीयांश. आपल्या ट्रेनिंगची स्लाइड अगदी निरर्थक अक्षरांइतकी वाईट नसते (कधीकधी असते!), पण उतार तसाच आहे.

पण मांजरसुंब्याचा विषय ढाब्यासाठी काढला नाही. तिथून पाटोद्याच्या रस्त्याने पश्चिमेला निघालं की जामखेड येतं. ट्रेनिंग कसं आखावं आणि ते चाललं की नाही हे कसं पाहावं, याचा मला माहीत असलेला सगळ्यात भारी धडा तिथे आहे. कुठल्याही बिझनेस स्कूलच्या केस स्टडीला मागे टाकेल असा.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं. वेल्लोरला शिकलेलं, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेलं. १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. दुष्काळी मुलूख. त्यांच्या प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे १९७१ मध्ये तिथल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नव्हती. पुन्हा वाचा. सहातलं एक.

सुरुवातीला त्यांनी आपण सगळेच करतो तेच केलं. क्वालिफाइड माणसं घेतली. शिकलेल्या नर्सेस गावात पाठवून पाहिल्या. जमलं नाही. एकट्या तरुण नर्सला परक्या गावात राहणं अवघड, आणि गावालाही ती पाहुणी वाटे. तिचं कोण ऐकणार? मग गावांनीच आपली एकेक बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्यांतल्या बहुतेक जणी अक्षरओळख नसलेल्या. अनेक जणी दलित वस्तीतल्या. काहींना नवऱ्यानं टाकलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर अशा सीव्ही, ज्या पहिल्याच फिल्टरला उडाल्या असत्या.

आता तुम्ही आरोळ्यांच्या जागी आहात असं समजा. वाचता न येणाऱ्या बाईला आरोग्य शिकवायचंय. कुठून सुरुवात कराल? नेहमीचा ट्रेनर सुरुवात करील शरीररचनेपासून. मग पचनसंस्था, मग जंतूंचे प्रकार, चहा, मग उरलेलं. जामखेडचा प्रश्न उलटा होता: गावातली बाळं नेमकी कशानं जातात? तर जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात, कुपोषण. मोजकी कारणं. आणि ती टाळायला गावातल्या बाईला नेमकं काय ‘करता’ आलं पाहिजे? जुलाब झालेल्या बाळाला साखर-मिठाचं पाणी पाजता आलं पाहिजे. बाळंतपण स्वच्छ हातांनी करता आलं पाहिजे. गरोदर सुनेला पोटभर खाऊ द्या, असं सासूला पटवता आलं पाहिजे. हे तिसरं सगळ्यात कठीण! शेवटाकडून मागे येत अभ्यासक्रम बांधला, की त्यातली फुकाची स्लाइड आपोआप गळून पडते. आपल्या ट्रेनिंगचं नेमकं इथेच चुकतं. ‘कम्युनिकेशन स्किल्स सुधारणे’ हे काही करता येण्यासारखं काम नाही. ‘चिडलेल्या क्लायंटचा फोन आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय बोलायचं’ हे आहे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. एकदाच महिनाभर कोंडून ठेवून सर्टिफिकेट देऊन सोडलं, असं झालं नाही. बाया आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या (वेगवेगळ्या जातींच्या बाया, सत्तरच्या दशकात, एका पंगतीत!), थोडंसं शिकायच्या आणि गावी जाऊन ते करून बघायच्या. पुढच्या खेपेला येताना प्रश्न घेऊन यायच्या: ‘सांगितलं तसं केलं, पण सासूनं पाणी पाजू दिलं नाही. आता?’ मग त्यावर सगळ्या मिळून बोलायच्या. गाणी, नाटुकली, चित्रं. शिवाय जामखेडची फिरती टीम गावात जाऊन पाहायची, की काम चाललंय कसं. पुढे मोठमोठ्या अभ्यासकांनी ‘ट्रेनिंग टिकायचं तर परतल्यावरचा पाठिंबा हवा’ असं जे लिहिलं, ते इथे माळरानावर आधीच चालू होतं. एबिंगहाउसच्या उतारावर दर आठवड्याला एक खुंटी ठोकायची, म्हणजे घसरगुंडी होत नाही.

आणि सगळ्यात आधी काय शिकवलं? स्वतःवर विश्वास ठेवायला. जन्मभर ‘तुला काय कळतं’ ऐकलेल्या बाईला आधी ‘मला कळतं’ म्हणता यावं लागतं, मगच ती सरपंचाच्या घरी जाऊन काही सांगू शकते. आपण याला ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणून शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ठेवतो. लोक पेंगत असतात तेव्हा.

याच बायांपैकी मुक्ताबाई अमेरिकेतल्या एका मोठ्या परिषदेत बोलायला गेल्या होत्या. समोर छताला झुंबर लटकत होतं. त्याकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की मोठी इस्पितळं या झुंबरासारखी, महागडी आणि एकाच जागी उजेड देणारी. आणि आम्ही पणतीसारख्या. एका पणतीनं दुसरी लावता येते. प्रेझेंटेशन स्किल्सचं दोन दिवसांचं वर्कशॉप केलेल्यांनी हात वर करा.

बरं, चाललं का हे सगळं? इथे खरी मजा आहे. प्रकल्पाचे आकडे सांगतात की १७६ वरून बालमृत्यूदर नव्वदच्या दशकात तिशीच्या आत आला. वा! टाळ्या! पण थांबा. १९७१ मध्ये सगळ्या भारताचा बालमृत्यूदर १२९ होता आणि २०२० मध्ये तो २८ वर आला. म्हणजे जामखेड नसतं तरी आकडा खाली आलाच असता, लसी आल्या, रस्ते आले, पोरी शिकल्या. मग आरोळ्यांच्या ट्रेनिंगचा वाटा कितीचा?

आपल्या ऑफिसात अगदी हाच लोचा असतो. सप्टेंबरात सेल्स टीमला ट्रेनिंग दिलं, ऑक्टोबरात विक्री धाडकन वाढली, ट्रेनर हार घालून घेतो. अरे बाबा, ऑक्टोबरात दिवाळी होती! ट्रेनिंग न मिळालेल्या टीमची विक्री किती वाढली ते कुणी बघितलं का?

जामखेडच्या बाबतीत ते बघितलं गेलं. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक अभ्यास छापून आला. प्रकल्पातली गावं एका बाजूला आणि आसपासची, प्रकल्पात नसलेली गावं दुसऱ्या बाजूला. बायांना त्यांच्या मुलांचा इतिहास विचारला, जात, शिक्षण वगैरे फरक हिशेबात धरले. निष्कर्ष काय? पहिला महिना ओलांडलेल्या मुलांमध्ये पाच वर्षांच्या आत दगावण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यात मात्र ठळक फरक सापडला नाही.

मला हे दुसरं वाक्य जास्त आवडलं. कारण असं वाक्य फक्त खऱ्याखुऱ्या मूल्यमापनातूनच येतं. ४.६ सरासरीतून कधी येत नाही. हे मूल्यमापन ट्रेनिंग ‘छान’ की ‘फालतू’ एवढ्यावर थांबत नाही, कुठे चाललं आणि कुठे नाही ते दाखवतं. आणि जिथे चाललं नाही तिथे पुढचं काम सुरू होतं.

पहिल्या महिन्याचं ते काम महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, आधीच झालं होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं १९९५ पासून ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेला ४७ गावं वेगळी ठेवली. आणि घाई अजिबात नाही. पहिलं वर्षभर बायांनी फक्त बघायचं आणि लिहायचं. बाळाचं वजन, श्वास, ताप, नोंद. उपचार पुढच्या टप्प्यात, इंजेक्शन त्याहून पुढे. डॉक्टर पंधरवड्याला गावात येऊन नोंदी तपासायचे. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून साधारण २५ वर आला होता. तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलं तर ६२ टक्क्यांची घट. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं आणि २०११ पासून ही पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. आज बाळ दवाखान्यात जन्मलं असलं तरी पहिल्या ४२ दिवसांत आशाताईंनी सहा वेळा घरी येऊन ते बघायचं असतं. मांजरसुंब्यातही.

सर्चचीच आणखी एक चीज मला फार आवडते. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात. पण दाईंना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. आपण काय केलं असतं? ‘बेसिक न्यूमरसी, तीन दिवस, निवासी.’ त्यांनी काय केलं? मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. संपलं! दहापर्यंत तर सगळ्यांना येतं. कधीकधी ट्रेनिंग नकोच असतं, चांगलं अवजार हवं असतं. तुमच्या ऑफिसात एक्स्पेन्स क्लेमच्या सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग दरवर्षी का द्यावं लागतं, याचं उत्तर यात आहे.

आता थोडं कडू. मोजणं आलं की एक प्रश्न मुकाट येतो: मोजतोय कुणाला? फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसनं मैसूरच्या ट्रेनिंग सेंटरमधून ३०० हून अधिक फ्रेशर्सना घरी पाठवलं. कंपनीचं म्हणणं, अंतर्गत परीक्षेला तीन संधी दिल्या, तरी पास झाले नाहीत, आणि ही अट आधीपासून करारात होती. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेचं म्हणणं, संख्या याहून बरीच मोठी. त्यातल्या अनेकांनी ऑफर लेटर मिळाल्यावर जॉइन व्हायला दोन-अडीच वर्षं वाट पाहिली होती. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घाईघाईने कारखान्यांतले कामगार तयार करताना तिथल्या ट्रेनर्सच्या हातात एक कार्ड दिलेलं असे. त्यावरचं एक वाक्य असं, की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. जामखेडमध्ये एखादीला जमलं नाही तर ती पुढच्या आठवड्याला पुन्हा यायची. परीक्षा ट्रेनिंगची होती, तिची नव्हती. हा फरक ऑफर लेटरच्या बारीक अक्षरांत सापडत नाही.

तुम्ही टीम लीड झाला असाल आणि पुढच्या महिन्यात तुमच्याच गळ्यात ट्रेनिंगची माळ पडणार असेल, तर ट्रेनर शोधायच्या आधी एक ओळ लिहून काढा: तीन महिन्यांनी माझी माणसं नेमकं काय वेगळं ‘करताना’ मला दिसतील? ओळ जमली नाही तर हॉटेलचं बुकिंग करू नका, पैसे वाचवा, टीमला जेवायला न्या. जमली, तर आजचा आकडा आजच टिपून ठेवा. कॉल किती मिनिटांचा, चुका किती, क्लायंट परत किती वेळा फोन करतो. निम्म्या टीमला आधी पाठवा, निम्मीला दोन महिन्यांनी. तुमची तुलनेची ४७ गावं फुकटात तयार! दोन दिवस सलग घेण्यापेक्षा दर बुधवारी दीड तास घ्या. परीक्षा घ्यायचीच तर पेपरवर नको. जलसंजीवनीचं प्रमाण पाठ म्हणणारी बाई आणि हातात तांब्या, चमचा, साखर, मीठ दिल्यावर ते बरोबर बनवणारी बाई या दोन वेगळ्या बाया असू शकतात. आणि तीन महिन्यांनी दोनच माणसांना चहाला न्या, ज्याला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आणि ज्याला काडीचाही झाला नाही तो. दुसऱ्याचं नीट ऐका. बऱ्याचदा तो सांगेल, ‘शिकलो सगळं, पण बॉस म्हणाला आपल्याकडे असं चालत नाही.’ म्हणजे ट्रेनिंगची गरज कुणाला होती, तेही कळलं. घरातली सासू आणि ऑफिसातला बॉस, दोघांनाही वगळून कुठलंही ट्रेनिंग चालत नाही.

डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडला त्यांनी उभं केलेलं ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, जगभरातून डॉक्टर आणि पब्लिक हेल्थचे विद्यार्थी तिथे येतात. मोठमोठ्या विद्यापीठांच्या डिग्र्या घेतलेली ही मंडळी सतरंजीवर बसतात आणि समोर नऊवारीतली आरोग्यसेविका शिकवत असते.